सोळा लाख पंचवीस हजार, किंवा स्वयंपाक

भारताचं गृह मंत्रालय विनोदासाठी प्रसिद्ध नाही. तरीही नोकरीच्या व्हिसाविषयीचे त्याचे नियम एकदा सवडीने वाचून पाहावेत. परदेशी नागरिकाला भारतात नोकरी करायची असेल, तर त्याचा पगार वर्षाला १६ लाख २५ हजार रुपयांहून जास्त असला पाहिजे. त्याहून कमी पैशांत राबणारी माणसं देशात पुष्कळ आहेत, ती बाहेरून मागवायची गरज नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब. पण नियम आला की अपवाद आलेच. या अटीतून सुटलेल्यांमध्ये दूतावासांतले कर्मचारी आहेत, इंग्रजी सोडून इतर परकीय भाषा शिकवणारे आणि अनुवादक आहेत, आणि आपापल्या देशाचं खास जेवण रांधणारे आचारी आहेत.

हा नियम बेंगळुरूत लावून पाहिला की त्याची खरी चव कळते. इथल्या मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा पगार गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे; दोसा, दूध आणि घरभाडं मात्र थांबायला तयार नाही. म्हणजे केनियातून आलेल्या आणि बेंगळुरूतच शिकलेल्या एखाद्या मुलीला पदवीनंतर इथे राहायचं असेल, तर वर्गातल्या चार-साडेचार भारतीय मित्रांचा पगार तिने एकटीने मिळवायला हवा. तो जमला नाही तर दुसरा कायदेशीर रस्ता स्वयंपाकघरातून जातो. परदेशी निघालेल्या मुलाला मराठी आई ‘निदान वरणभाताचा कुकर लावायला तरी शिकून जा’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे आणि मुलं ते कानाआड करत आली आहेत. भारत सरकारने तो सल्ला थेट नियमावलीत घातला. अर्थात सरकारला अभिप्रेत असलेला आचारी पट्टीचा लागतो. हॉस्टेलच्या खोलीत चोरून शिजवलेल्या मॅगीवर व्हिसा मिळत नाही.

आचाऱ्यांची ही सवलत कुणा खवय्या सचिवाच्या डोक्यातून आली असेल असं वाटतं, पण तिला उद्योगधंद्याचं कारण आहे. बेंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटा आणि किर्लोस्कर यांनी मोटारींचा कारखाना काढला, त्या कंपनीची स्थापना १९९७ सालची. कारखान्याबरोबर जपानी साहेब येतात आणि साहेब आले की त्यांच्या जिभेचीही सोय बघावी लागते. लोखंडी नांगरापासून सुरू झालेली किर्लोस्करांची कहाणी अशी सुशीपर्यंत येऊन पोचली.

भाषाशिक्षकांची सवलत तर त्याहून बहारीची आहे. पॅरिसहून आलेल्या माणसाने बेंगळुरूत फ्रेंच शिकवली तर त्याला पगाराची अट नाही. लंडनहून आलेल्या माणसाने इंग्रजी शिकवायचं म्हटलं तर मात्र १६ लाख २५ हजार दाखवा. इंग्रजी आपलं आपल्याला येतं, हा आत्मविश्वास इतक्या ठामपणे सरकारी कागदावर दुसरीकडे कुठे आढळत नाही. इंदिरानगरच्या सीएमएच रोडवर मॅक्सम्युलर भवन आहे. तिथे जर्मन शिकणाऱ्यांत गटेच्या प्रेमापोटी आलेले किती आणि जर्मनीला जायचं म्हणून आलेले किती, हे वर्गात नजर टाकली की समजतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी फी नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक आपलाच. म्हणजे भारताने ज्या परक्या शिक्षकाला कमी पगारात राहायची मुभा दिली, तोच आपल्या मुलांना देश सोडायचं व्याकरण शिकवतो. सरकारचं त्याच्यावर लक्ष नाही असं म्हणवत नाही, कारण मुभा सरकारनेच दिली आहे.

एवढी कडक अट घालणाऱ्या सरकारने २०१८ साली ‘स्टडी इन इंडिया’ नावाची मोहीमही काढली. २०२३पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थी भारतात आणायचे, असा बेत होता. सरकारच्याच उच्चशिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली भरला तो आकडा ४६,८७८. यातले १३ हजारांच्या वर नेपाळचे, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. आणि नेपाळी माणसाला १९५०च्या करारामुळे भारतात राहायला किंवा नोकरी करायला व्हिसाच लागत नाही. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ म्हणून ज्यांची सर्वांत मोठी नोंद होते, त्यांना ‘राहणार की जाणार’ हा प्रश्न विचारायचा अधिकारच सरकारने पंचाहत्तर वर्षांपूर्वी सोडून दिलेला आहे. भूतानच्या मुलांचंही साधारण तसंच. उरलेल्यांचं काय, तर शिकायला या, फी भरा, बिसी बेळे भात खा आणि पदवी घेऊन सुखरूप घरी जा.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत कर्नाटक कित्येक वर्षं देशात पहिलं होतं आणि त्यातली मोठी गर्दी बेंगळुरूची. या सगळ्यांच्या नोंदीचं कार्यालय म्हणजे एफआरआरओ. ते शांतीनगरला, के. एच. रोडवरच्या बीएमटीसी बस स्टँडच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आहे. कुणी राहायचं आणि कुणी जायचं हे बघणारं खातं बस स्टँडच्या डोक्यावर नेऊन ठेवणाऱ्याला दूरदृष्टी होती, असंच म्हणावं लागेल. नकार मिळालेल्याला फार चालावं लागत नाही. २०१८पासून बरंचसं काम ऑनलाइन झालं आणि बस स्टँडची ही सोय वाया गेली. १ सप्टेंबर २०२५पासून कायदाही नवा आला. त्याने जुने चार कायदे एकदम निकालात काढले. त्यातले तीन इंग्रजांनी केलेले, १९२०, १९३९ आणि १९४६चे. परक्यांवर नजर ठेवण्यासाठी परक्यांनीच केलेले कायदे आपण इतकी वर्षं सांभाळले, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

कम्मनहळ्ळी, हेण्णूर, कोत्तनूर या भागांत शिकायला आलेली परदेशी मुलं राहतात. सुदानची, येमेनची, काँगोची, टांझानियाची. पहिल्या सत्रात ती रिक्षावाल्याला इंग्रजीत भाडं विचारतात, तिसऱ्या सत्रापर्यंत ‘स्वल्प कम्मी माडि, अण्णा’ इथवर मजल जाते. घरमालकाने दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागितलं की ती पहिल्यांदा हसतात, मग घरमालक हसत नाही हे बघून गंभीर होतात. शिक्षणाच्या व्हिसावर नोकरी करायची नाही, हा नियम आहेच. मग पदवी झाल्यावर राहायचं असेल तर काय? आणखी शिकायचं. बीकॉमनंतर एमकॉम, एमकॉमनंतर एमबीए, मग आणखी एखादा डिप्लोमा. ज्ञानाची एवढी तहान बघून प्राध्यापक गहिवरतात.

काहींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गमतीचा राहत नाही. येमेनमध्ये २०१४पासून, सुदानमध्ये एप्रिल २०२३पासून लढाई पेटलेली. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१मध्ये राज्यच पालटलं. मुलगा शिकायला आला तेव्हा जे शहर घर होतं, ते पदवीदान समारंभापर्यंत नकाशावर उरलं, बाकी फारसं नाही. अशा मुलाला ‘मग काय, परत जाणार ना?’ असं सहज विचारणारे लोक बेंगळुरूत आहेत, पुण्यात आहेत आणि लग्नाच्या पंगतीत तर हमखास असतात.

शिकायला किंवा नोकरीला म्हणून बेंगळुरूला यायचं आणि मग राहायचं की जायचं यावर डोकं खाजवायचं, हे मराठी माणसाला नवं नाही. १६३८च्या सुमारास शहाजीराजांना आदिलशाहीकडून बंगळूरची जहागीर मिळाली. आजच्या भाषेत बदली. राजे कर्नाटकात रमले ते कायमचे. १६६४ साली चन्नगिरीजवळ होदिगेरेला त्यांचा अंत झाला, समाधीही तिथेच आहे. घराच्या मात्र दोन शाखा झाल्या. जिजाऊ आणि शिवाजीराजे पुण्याकडे आले. व्यंकोजीराजे दक्षिणेत राहिले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. १६७७ साली दोघे भाऊ भेटले तेव्हा विषय काय निघाला असेल? वडिलांच्या मिळकतीतला वाटा. एक भाऊ गावाकडे आणि दुसरा परमुलखात स्थायिक, अशी परिस्थिती असलेल्या कुठल्याही मराठी घराला या भेटीत काय काय झालं असेल हे बखर न वाचता सांगता येईल. पुढे तह झाला आणि त्यात बंगळूरचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला गेला. अख्खं बेंगळुरू चोळीबांगडीत! १६८७च्या सुमारास हे शहर मोगलांनी घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना तीन लाख रुपयांना देऊन टाकलं. आज इंदिरानगरला दोन खोल्यांचं डिपॉझिट त्याच घरात जातं.

त्यानंतरची दखल घेण्यासारखी मराठी विद्यार्थिनी म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली येऊन त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले, त्यामुळे प्रवेश म्हणजे घरचंच कार्य असं वाटलं असावं. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. या नकाराचं कारण लेखी द्या, म्हणून कमलाबाई दारात ठाण मांडून बसल्या. दुर्गा भागवतांची ही बहीण, तेव्हा माघार घेणं रक्तात नव्हतंच. शेवटी रामन यांनी तोडगा काढला. पहिलं वर्ष प्रवेश तात्पुरता, काम समाधानकारक वाटलं तरच तो पक्का, मार्गदर्शक सांगतील तेवढ्या उशिरापर्यंत प्रयोगशाळेत काम, आणि इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. आजच्या कुठल्याही वकिलातीला या अटी ओळखीच्या वाटतील. कमलाबाईंनी वर्ष काढलं, रामन यांना मत बदलावं लागलं, पुढे मुलींना तिथे दारं उघडली. नंतर त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएचडी घेऊन परतल्या. प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा. तेवढ्या पानांत आता नुसते आभार मानले जातात.

त्याच १९३९ साली केंब्रिजहून होमी भाभा सुट्टीसाठी घरी आले. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं, परतीचा रस्ता बंद झाला आणि भाभा बेंगळुरूच्या याच संस्थेत रीडर म्हणून रुजू झाले. विक्रम साराभाईही युद्धामुळे केंब्रिज सोडून इथेच आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं कामही १९४५ साली आधी बेंगळुरूत सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईला हललं. भारताच्या अणुकार्यक्रमाचा आणि अवकाशकार्यक्रमाचा इतिहास लिहिताना या दोघांच्या ‘मायदेशी परतण्याच्या निर्णया’बद्दल गौरवाने लिहितात. निर्णय हिटलरचा होता. त्या दोघांनी त्यातून जे उभं केलं ते त्यांचं, हे खरंच. पण ‘तू परत यायचं कसं ठरवलंस?’ या प्रश्नाला इतकं प्रामाणिक उत्तर द्यायची सोय नंतरच्या फार थोड्यांना मिळाली.

नंतरच्यांचं कसं ठरतं ते बघायला बेंगळुरूची मराठी घरं बरी. एचएएल, बीईएल, एचएमटी इथे नोकरीला आलेले, निवृत्तीनंतर पुण्याला परत जायचं म्हणत इथेच राहिलेले आईवडील. (पुण्याचा उन्हाळा आठवला की बेत बदलतो.) त्यांची मुलं एमएस करायला अमेरिकेला गेलेली. या घरांत संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर जे शब्द ऐकू येतात त्यांतले निम्मे कुठल्याच शब्दकोशात नाहीत. आय-ट्वेंटी, ओपीटी, स्टेम एक्स्टेन्शन, एचवनबी, स्टॅम्पिंग. पंचाहत्तरीच्या आजीला विष्णुसहस्रनाम आणि ओपीटीचे नियम दोन्ही तोंडपाठ. पदवीनंतर वर्षभर काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं. पण पहिल्या वर्षात बेकारीचे दिवस नव्वदच्या वर जाता कामा नयेत. या पहिल्या वर्षात आपल्या विषयाशी संबंधित फुकट काम, आठवड्याला किमान वीस तास केलं तरी ते नोकरीत धरतात. याला आपल्याकडे उमेदवारी म्हणायचे आणि ती केल्याचं कुणी परदेशातून अभिमानाने कळवत नसे.

२०२३-२४ साली अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी ९७ हजारांहून जास्त या ओपीटीच्या घड्याळावर चालत होते. घड्याळ संपायच्या आत एचवनबी हा नोकरीचा व्हिसा मिळायला हवा. तो सोडतीने मिळतो. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या काकांना ज्या घरांनी कधी मानाने बसवलं नाही, त्या घरांत आता मार्चअखेरीला देव पाण्यात ठेवलेले असतात. अर्ज भरायचा, नंबर लागायची वाट पाहायची, लागला नाही की पुढच्या वर्षी पुन्हा. म्हाडाच्या घराला लागतो तेवढाच संयम आणि तेवढीच कागदपत्रं. जागा ८५ हजार. २०२५च्या सोडतीत पात्र नोंदण्या सुमारे ३ लाख ४४ हजार. नोंदणीचं तिकीट दहा डॉलरचं होतं, ते त्याच वर्षी २१५वर गेलं. २०२६पासून तर पगाराच्या श्रेणीप्रमाणे चिठ्ठ्या: सर्वांत वरच्या श्रेणीला चार, सर्वांत खालच्या नवशिक्याला एक. निकाल पाडव्याच्या आगेमागे लागतो. बेंगळुरूत युगादीला कडुनिंब आणि गूळ एकत्र देतात, त्यामुळे निकाल काहीही लागला तरी प्रसाद योग्यच ठरतो.

मग आला सप्टेंबर २०२५. १९ तारखेला, शुक्रवारी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं: नव्या एचवनबी अर्जामागे एक लाख डॉलर भरा. रुपयांत साधारण ८८ लाख. लागू कधीपासून, तर २१ सप्टेंबर. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. व्हाइट हाउसच्या भिंतीवर कालनिर्णय नसतं, हे त्या दिवशी कळलं. पितृपक्षात साधा फ्रिज घ्यायला न धजावणाऱ्या घरांतली मुलं सुट्टीवर भारतात आली होती. त्यांच्या कंपन्यांनी रातोरात निरोप धाडले, चोवीस तासांत परत या. विमानाची तिकिटं बघता बघता दुपटीतिपटीला गेली. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की हे फक्त नव्या अर्जांना, जुन्यांनी घाबरू नये. तोवर जे घाबरायचे ते घाबरून विमानात बसले होते आणि पानावरचे वडे तसेच राहिले होते.

पुढचा खुलासा २० ऑक्टोबरला आला, म्हणजे ऐन नरक चतुर्दशीला. अमेरिकेतच शिकत असलेल्या आणि तिथेच राहून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे लाख डॉलर नाहीत. बाहेरून येणाऱ्यासाठी आहेत. याचा व्यवहारातला अर्थ मुलांच्या आयांनी वकिलांच्या आधी काढला: घरी आलास तर कंपनीला ८८ लाखांचा फटका बसू शकतो, तेव्हा नको येऊस. दिवाळीला ये म्हणून दर फोनवर डोळे पुसणारी माऊली एका रात्रीत ‘फराळ कुरिअरने पाठवते’ यावर आली. चकलीला जकात पडते का, हा नवा प्रश्न तेवढा निघाला.

अमेरिका असं वागली की बेंगळुरूतले शेजारी समजूत घालतात, ‘येऊ दे की परत, इथे काय कमी आहे?’ कमी काही नाहीच. जगभरच्या कंपन्यांची कार्यालयं आउटर रिंग रोडला लागून उभी आहेत. १७ जानेवारी २०२५ला तर अमेरिकेची वकिलातही शहरात आली. उद्घाटनाला परराष्ट्रमंत्री जयशंकर होते, राजदूत होते, फक्त व्हिसाची खिडकी उघडायची बाकी होती. अडचण एकच, चाळीस-पन्नास लाखांचं शैक्षणिक कर्ज. ते रुपयांत घेतलेलं असलं तरी डॉलरमध्येच फिटतं, असा अनुभव आहे. मुलगा अमेरिकेत का राहिला याची कारणं मंडळाच्या गणेशोत्सवात बरीच सांगितली जातात: संशोधनाला वाव, कामाची शिस्त, स्वच्छ हवा. बँकेचा हप्ता या यादीत कधी येत नाही.

कर्ज फिटेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. मग सुरू होतं परदेशस्थांमधलं ते जुनं समीकरण: आणखी ‘क्ष’ वर्षांनी परत जायचं, आणि दर एक जानेवारीला क्ष बरोबर क्ष अधिक एक. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वाट दशकांत मोजली जाते, त्यामुळे हे गणित सोडवायची घाई कुणालाच नसते.

तरीही काही जण येतात. सांगलीचा मुलगा न्यू जर्सी सोडून ‘परत’ येतो तेव्हा बेंगळुरूला येतो, हे सांगलीच्या आईवडिलांना पचायला जड जातं. परत या शब्दात त्यांनी विश्रामबागेतला वरचा मजला धरलेला असतो, तो भाड्यानेही दिलेला नसतो. मुलगा बेलंदूरला फ्लॅट घेतो. ज्या तलावाच्या काठी तो फ्लॅट आहे त्या तलावाला अधूनमधून फेस येतो आणि २०१७ साली तर आग लागली होती, हे आईवडिलांना पेपरातून कळतं. पण राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे. दुपारी बसलं की सकाळी बेंगळुरू. स्टेशनपासून बेलंदूरला पोचायला लागलेला वेळ ते गावात गेल्यावर सांगतात तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

या परतलेल्यांत जे अमेरिकन नागरिक होऊन येतात, त्यांची सोय वेगळी. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असतं. परदेशी पासपोर्ट, पण भारतात आजन्म राहायची मुभा आणि नोकरीला ना सोळा लाखांची अट, ना स्वयंपाकाची. कम्मनहळ्ळीतली केनियाची मुलगी पाच वर्षं इथे राहून, कन्नड बोलून, पदवी घेऊन जे मिळवू शकत नाही, ते याला स्वतःच्या जुन्या भारतीय पासपोर्टावर मिळतं. एकच गोष्ट मिळत नाही. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते. आता अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसाच्या निवृत्तीच्या योजनेत कोकणातली आंब्याची बाग असतेच असते. आयटीतली चाळीस वर्षं त्या बागेतल्या झोपाळ्यासाठीच काढलेली असतात. नागरिकत्वाची शपथ घेताना या झोपाळ्याचा विचार करायचा राहून जातो. मग भारतात चुलते किती, त्यांना मुलं किती, सातबाऱ्यावर कोण कोण, याची चौकशी सुरू होते, आणि तीस वर्षं ज्याला पत्र पाठवलं नाही त्या राजापूरच्या आबाकाकांना अमेरिकेतून वाढदिवसाचे फोन यायला लागतात.

खरा पेच मुलांचा. न्यू जर्सीत जन्मलेली, दुसरीत असताना बेंगळुरूला आणलेली मुलगी जन्माने अमेरिकन. शाळेत कन्नड शिकली, घरी मराठी, अंगणात हिंदी. बारावीला आली आणि डॉक्टर व्हायचं म्हणाली. तेव्हा घराला शोध लागतो की ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयवाल्यांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतून एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा जागांवरच प्रवेश घेता येतो. म्हणजे दहा वर्षं बेलंदूरच्या ट्रॅफिकमध्ये वाढलेली मुलगी आपल्याच गावात परदेशी विद्यार्थिनीच्या रांगेत, आणि फीसुद्धा तशीच. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला: ४ मार्च २०२१च्या आधी ज्यांनी ओसीआय कार्ड मिळवलं, त्यांना ही अधिसूचना लागू नाही. त्यामुळे अशा घरांत सध्या एकच काम चालू आहे. लॉफ्टवरची सुटकेस खाली काढायची, जुन्या फायली फरशीवर पसरायच्या आणि त्या निळसर पुस्तिकेवरची तारीख शोधायची. बाप म्हणतो कार्ड २०२०च्या डिसेंबरात आलं, आई म्हणते तेव्हा लॉकडाऊनमुळे कचेरी बंद होती, एप्रिलमध्ये आलं. आजोबा सांगलीहून फोनवर विचारतात, ‘पण मी म्हणतो, तारीख बघेपर्यंत तिला फिजिओथेरपीचा फॉर्म भरायला काय हरकत आहे?’